पहिला घाणा: पाच तासांचं काम, चार आठवड्यांची बिअर

घरी बिअर करायचं मनात आलं की माणूस आधी कृती शोधतो. कोणतं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), कोणते हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं), किती ग्रॅम, किती मिनिटं. मग एक दिवस मोकळा काढतो, मोठं पातेलं चढवतो, घरभर माल्टचा गोडसर वास सुटतो. पाच तासांनी डब्याचं झाकण लागलं की बिअर झाली असं वाटतं. पण त्या घडीला डब्यात बिअरचा एक थेंबही नसतो. असतं ते गोड, कडवट, कोमट पाणी. त्याला वर्ट म्हणतात. वर्टची बिअर यीस्ट करतं, आणि ते काम पुढच्या चौदा दिवसांत, कुणी भांड्याजवळ नसताना चालतं.

पहिला घाणा बिघडतो तो याच शांत दिवसांत, किंवा त्या दिवसांची तयारी नीट न झाल्यामुळे. कृतीतली चूक बिअर सहज पचवते. हॉप्स पाच ग्रॅम जास्त पडले, उकळी दहा मिनिटं कमी झाली, तर बिअर थोडी वेगळी होते, वाईट होत नाही. तीच वर्ट तीस अंशांत आंबवली, किंवा आंबणं पुरतं व्हायच्या आत बाटल्यांत भरली, तर मात्र उत्तम साहित्याचाही काही उपयोग होत नाही. आणि नवशिक्याचे पैसे आणि लक्ष नेमके उलट्या बाजूला जातात. चार जातींचे हॉप्स घरी येतात, धड थर्मामीटर येत नाही. मला विचाराल तर फिकट माल्ट, एकाच जातीचे हॉप्स, कोरडं यीस्ट आणि सांभाळलेलं तापमान एवढ्यावर अतिशय सुरेख बिअर होते. पहिल्या वेळी याहून जास्त काही हाती घेऊच नये.

घरगुती बिअरचे कायदे देशोदेशी वेगळे असतात, काही देशांत राज्याराज्यांतही. पातेलं चढवण्याआधी आपल्या ठिकाणी त्याला परवानगी आहे का, हे पाहून घ्यावं.

पहिला घाणा दहा लिटरचा असावा. बहुतेक कृती एकोणीस-वीस लिटरच्या असतात, पण एवढं पाणी घरच्या शेगडीवर खळखळून उकळत नाही, लवकर निवत नाही आणि उचलताना कंबरेवर येतं. दहा लिटरला १८ लिटरचं पातेलं पुरतं, आंबवायला १५ लिटरचा झाकणाचा डबा पुरतो आणि शेवटी ३३० मिलीच्या सत्तावीस-अठ्ठावीस बाटल्या हाती येतात. चुकांतून शिकायला इतक्या पुष्कळ झाल्या.

साहित्य असं. फिकट कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट सव्वा किलो, भरडलेलं क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम, सहा टक्के अल्फा आम्लाचे (कडूपणा यातूनच येतो) हॉप्स २५ ग्रॅम, एल जातीच्या (साध्या खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. हे आकडे कुठून आले ते एकदा समजून घ्यावं, म्हणजे पुढे कुणाच्या कृतीवाचून अडत नाही. एक किलो कोरडं एक्स्ट्रॅक्ट विरघळून दहा लिटर वर्ट झाली की तिची घनता (साध्या पाण्याची १.०००) साधारण १.०३७ भरते. सव्वा किलोने ती १.०४६ होते, क्रिस्टल माल्ट आणखी दोनेक अंक, म्हणजे ०.००२, घालतं, आणि आपण १.०४८ ला पोहोचतो. यीस्ट यातली बरीचशी साखर खाऊन १.०१० ते १.०१२ ला थांबतं. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की मद्यार्काचे टक्के मिळतात. इथे पावणेपाच ते पाच.

एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीतली साखर आधीच काढून, आटवून केलेली पूड. सगळं धान्यापासून करायचं तर भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर धरून ठेवावं लागतं, म्हणजे त्यातली एन्झाइम्स पिठूळ भागाची साखर करतात. कामाचा तो टप्पा मोठा देखणा आहे. पण पहिल्याच वेळी तो घेतला तर दिवस आठ तासांचा होतो आणि ज्या टप्प्यावर खरी चव ठरते तिथे पोहोचेपर्यंत माणूस थकलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला तो खुशाल घ्यावा. एक्स्ट्रॅक्ट मात्र ताजं पाहिजे. पातळ, काकवीसारखं एक्स्ट्रॅक्ट जुनं झालं की काळवंडतं आणि बिअरला एक शिळा, जड गोडवा देतं. कोरडी पूड त्या मानाने टिकते, म्हणून पहिल्या वेळी पूडच बरी.

पाण्याविषयी एकच गोष्ट, पण ती हटकून करावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. माल्टमधल्या आणि यीस्टने तयार केलेल्या फिनॉल गटाच्या द्रव्यांशी त्याचा संयोग झाला की क्लोरोफिनॉल्स होतात, आणि बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा वास येतो. तो वास कशानेही जात नाही. साधं क्लोरीन उकळीत किंवा रात्रभर उघड्या भांड्यात उडून जातं. क्लोरामाइन तसं जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक कॅम्पडेन गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे आपल्या घाण्याला पाव गोळीही जास्तच झाली. चुरून पाण्यात ढवळायची, काही मिनिटांत काम होतं. पिताना पाण्याची चव चांगली लागत असेल, तर बाकी क्षारांचा विचार पहिल्या घाण्यात करूच नये.

आता स्वच्छता. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकच समजल्याने बहुतेक घोटाळे होतात. एक म्हणजे घासून-धुऊन डोळ्यांना दिसणारी घाण काढणं, दुसरं म्हणजे उरलेले सूक्ष्मजीव मारणं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही, कारण चिकट्याच्या थराखाली सॅनिटायझर पोहोचतच नाही. धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट चांगलं: लिटरला पाचेक ग्रॅम, गरम पाणी, अर्धा तास भिजत ठेवायचं आणि मग स्वच्छ पाण्याने विसळायचं. प्लॅस्टिकचा डबा घासणीने घासू नये. बारीक ओरखड्यांत जंतूंना कायमची जागा मिळते. मऊ फडकं पुरतं. निर्जंतुक करायला फॉस्फोरिक आम्लाचं, नंतर विसळावं न लागणारं सॅनिटायझर मिळतं, लिटरला साधारण दीड मिली, भांडं दोन मिनिटं सगळीकडून ओलं राहिलं पाहिजे. त्याचा फेस डब्यात राहतो आणि नवखा माणूस घाबरून नळाच्या पाण्याने तो धुऊन टाकतो. म्हणजे केलेलं काम पुसलं गेलं. फेस तसाच राहू द्यावा, वर्टमध्ये एवढ्याने काही होत नाही. घरात कपड्यांचं ब्लीच असेल तरी ते बिअरच्या भांड्यांना लावू नये; थोडं जरी उरलं तरी पुन्हा तीच चिकटपट्टी.

डब्याला खाली तोटी असेल तर ती सोडवून पाहावी. बाहेरून ती लखलखीत दिसते. आतली चकती आणि रबरी वायसर काढलं की आट्यांमध्ये तपकिरी, बुळबुळीत थर सापडतो, नखाने खरवडला तर आंबूस वास येतो. मागच्या वेळची वर्ट तिथे वाळून बसलेली असते. शेवटी बाटल्या भरताना सगळी बिअर याच तोटीतून जाणार असते, म्हणून डबा आरशासारखा असूनही प्रत्येक बाटली आंबट निघू शकते. तोटीचे तिन्ही भाग सुटे करून धुवायचे, सुटेच सॅनिटायझरमध्ये बुडवायचे, मग जोडायचे. नव्या डब्यालाही हा नियम आहे.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: उकळीनंतर वर्टला जे जे लागणार ते निर्जंतुक हवं. उकळीच्या आधीचं पातेलं, डाव, पिशवी नुसती धुतलेली चालते.

उकळण्याचा दिवस तसा सरळ असतो. बारा लिटर पाणी ६८-७० अंशांपर्यंत तापवायचं, आच बंद करून क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत घालून अर्धा तास बुडवून ठेवायचं, पाणी ७५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. टरफलं जास्त गरम पाण्यात राहिली तर टॅनिन उतरतं आणि बिअर तुरट होते. पिशवी उचलून निथळू द्यायची. मग आच बंदच ठेवून एक्स्ट्रॅक्टची पूड घालायची. पेटत्या शेगडीवर घातलं तर ते विरघळायच्या आत बुडाला लागतं आणि करपल्याचा वास शेवटपर्यंत सोबत करतो. पूड वाफेने हाताला, चमच्याला, पाकिटाच्या तोंडाला चिकटते, म्हणून ती आधी कोरड्या भांड्यात मोजून ठेवावी, एका दमात ओतावी आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळावं.

उकळी फुटण्याच्या बेतात असताना तिथून हलू नये. वर्टमधली प्रथिनं साकळतात, वर जाड फेस धरतो आणि दुधासारखा बघता बघता उतू जातो. आच कमी करायची, ढवळायचं, फेस खाली बसला की वाढवायची. पाच-दहा मिनिटांत फेस विरतो आणि वर्टमध्ये फाटल्यासारखे कण तरंगताना दिसतात. ते दिसले की धोका टळला. आता १५ ग्रॅम हॉप्स घालायचे आणि तास मोजायचा. हॉप्स पडताच फेस पुन्हा उसळतो, तेवढं लक्षात असू द्यावं. झाकण ठेवायचं नाही. उकळीत काही नकोशी गंधकयुक्त द्रव्यं वाफेबरोबर बाहेर जायला हवीत. तासाभरात दोन ते अडीच लिटर पाणी आटतं, बारा लिटर घेतलं ते त्यासाठीच.

हॉप्समधली अल्फा आम्लं थंड पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. उकळीत त्यांची रचना बदलते, ती विरघळतात आणि तेव्हा कडूपणा येतो. म्हणून आधी घातलेले हॉप्स कडूपणा देतात, आणि शेवटची दहा मिनिटं उरली असताना घातलेले बाकीचे १० ग्रॅम वास देतात, कारण त्यांच्यातली तेलं उडून जायला वेळ मिळत नाही. एवढ्या प्रमाणात कडूपणा आयबीयू मोजमापाने पंचवीसच्या आसपास येतो. जाणवतो, झोंबत नाही.

आच बंद झाली की घड्याळाकडे पाहायचं. गरम वर्ट सुरक्षित असते. ६० अंशांच्या खाली उतरली की हवेतल्या प्रत्येक जंतूला तिथे राहावंसं वाटतं. पातेलं झाकून टबातल्या गार पाण्यात ठेवायचं, पाणी कोमट झालं की बदलायचं, तिसऱ्या पाण्यात बर्फ घालायचा. आधीच बर्फ घातला तर तो उकळत्या भांड्यापाशी पाच मिनिटांत संपतो. पाऊण तासात वर्ट वीस अंशांना येते. मोठं पातेलं नसेल तर सहा लिटरच उकळून, आदल्या दिवशी उकळून झाकून गार केलेलं पाणी वरून घालता येतं. कडूपणा किंचित कमी उतरतो, पण निवण्याचा प्रश्न निम्म्याने सुटतो.

गाळ पातेल्यात ठेवून वर्ट डब्यात ओतायची, आणि आता ती मुद्दाम उंचावरून, फेस येईल अशी ओतायची. यीस्टला वाढायला सुरुवातीला प्राणवायू लागतो. पुढच्या सगळ्या प्रवासात ज्या हवेपासून बिअरला जपायचं, ती हवा या एकाच वेळी हवी असते. झाकण लावून डबा दोन मिनिटं जोरात हलवावा. मग हायड्रोमीटरने घनता मोजावी. नमुना वीस अंशांचा असावा; साठ अंशांचं पाणी मोजलं तर आकडा पंधराएक अंकांनी कमी दिसतो, आणि साहित्य कमी पडलं अशी नाहक धास्ती बसते. नळीत हायड्रोमीटर हलकेच फिरवायचा, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि काचेपाशी चढलेल्या पाण्याच्या कडेवर न वाचता खालच्या सपाट रेषेवर वाचायचं.

इथवर माणसाचं काम. इथून पुढे यीस्टचं.

बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध फर्मानात बिअरला बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लागेल असं लिहिलं आहे. यीस्टचं नाव त्यात नाही. डब्यात जे घडतं ते एक सजीव करतो, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पाश्चरने आंबण्याचा आणि बिअर बिघडण्याचा संबंध सूक्ष्मजीवांशी जोडून दाखवला, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. आज आपण कात्रीने पाकीट कापून जी पूड वर्टवर भुरभुरतो, तिच्यामागे हे सगळं आहे. पाकिटावरची तारीख पाहावी, ते फ्रिजमध्ये ठेवलेलं असावं. दहा लिटरला अर्धं पाकीट पुरतं, पण उघडलेलं अर्धं नीट टिकत नाही, आणि पूर्ण घातलं तर काही बिघडत नाही. पूर्णच घालावं.

तापमानाबद्दल पाकिटावर १८ ते २२ असं काही लिहिलेलं असतं आणि खोलीतही बावीस असतात, म्हणून माणूस निश्चिंत होतो. पण आंबणं हे उष्णता निर्माण करणारं काम आहे. जोरात चालू असताना डब्याच्या आतली वर्ट खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी जास्त तापते. खोली बावीस तर यीस्ट पंचवीस-सव्वीसमध्ये. तिथे ते भराभर वाढतं आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोल्स, केळ्याचा किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाचा वास देणारी एस्टर्स भरपूर तयार करतं. यातलं बरंचसं पहिल्या अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत होऊन जातं. म्हणून पहिले तीन दिवस सोन्याचे. थर्मामीटरची पट्टी डब्यालाच चिकटवावी आणि तिच्यावरचा आकडा अठरा-एकोणीस ठेवावा. फ्रिज लागत नाही. डबा पाण्याच्या टबात, वर्टच्या पातळीपर्यंत पाणी येईल असा ठेवायचा, अंगाला ओलं कापड गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडायचं, समोर पंखा लावायचा. गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ टबात बदलत राहायच्या. यातून चार-पाच अंश सहज उतरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी जोर ओसरला की बाटल्या बंद करून तापमान दोन अंश चढू द्यायचं, कारण आता यीस्टने मागे टाकलेली लोण्याच्या आणि कच्च्या सफरचंदाच्या वासाची द्रव्यं त्यालाच परत खायची असतात, आणि ते काम उबेत होतं.

खोली कायम तिशीत असेल तर झगडत बसण्यापेक्षा यीस्ट बदलावं. क्वाइक नावाचं नॉर्वेतलं पारंपरिक यीस्ट तीस ते चाळीस अंशांत आनंदाने काम करतं. सेझोन जातीची यीस्टही उष्ण जागा सोसतात, पण त्यांतली काही इतर यीस्टला न पचणारी साखरही सावकाश फोडत राहतात. बिअर थांबली असं वाटतं आणि बाटलीत पुन्हा सुरू होते. पहिल्या घाण्याला मी ती सुचवणार नाही.

झाकणावरच्या एअरलॉकवर (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी) फार विश्वास ठेवू नये. यीस्ट घातल्यावर सहा तासांत गुडगुड सुरू होते तशी चोवीस तासांनीही होते, आणि झाकण जरासं सैल असेल तर वायू कडेने निघून जातो, बुडबुडा एकही दिसत नाही, तरी आत सगळं ठीक चाललेलं असतं. झाकण पुन्हा पुन्हा उघडून पाहण्यानेच नुकसान होतं. डबा अर्धपारदर्शक असेल तर बाहेरून फेसाची तपकिरी कडा दिसते, ती पुरावा म्हणून पुरेशी आहे. बहात्तर तास उलटूनही फेस नाही आणि घनताही हललेली नाही, तरच दुसरं पाकीट घालावं.

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असंही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ते मंदावतात आणि उतावीळ माणूस बाटल्या काढतो. इथे एक हिशेब ठळक मांडला पाहिजे. घनतेचा एक अंक बंद बाटलीत आंबला की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्म्याइतका कार्बन डायऑक्साइड त्यात कोंडला जातो. एल बिअरला अडीच आकारमानांच्या आसपास वायू शोभतो. आता बिअर १.०१८ ला असताना भरली आणि ती पुढे १.०११ पर्यंत उतरली, तर सात अंकांचे साडेतीन आकारमान आणि आपण घातलेल्या साखरेचे वेगळे. सहाच्या घरात गेलो. साध्या बाटल्या त्यासाठी घडवलेल्या नसतात. त्या फुटतात, आणि काचेचे तुकडे लाकडी दारात रुतण्याइतक्या जोराने फुटतात. म्हणून घनता चौदाव्या दिवशी मोजायची आणि सोळाव्या-सतराव्या दिवशी पुन्हा. दोन्ही आकडे एकच आणि अपेक्षेच्या जवळ आले तरच पुढे जायचं. नमुना परत डब्यात न ओतता चाखून पाहायचा. लोण्यासारखा वास येतोय अशी शंका असेल तर नमुन्याचे दोन भाग करून एक झाकून साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवावा, निवल्यावर दोन्ही हुंगावेत. गरम केलेल्यात लोणी आलं तर यीस्टला अजून चार दिवस द्यायचे. भरायची घाई कुणालाच नसते, माणूस सोडून.

बाटल्या तपकिरी, जाड, पत्र्याच्या झाकणाच्या. आट्यांच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्यांवर पत्र्याचं झाकण नीट बसत नाही. प्रत्येक बाटली उजेडापुढे धरून तळ पाहायचा. वाळलेला ठिपका दिसला की ब्रश. साखर मोजायची वजनाने, चमच्याने नाही: सव्वानऊ लिटर बिअरला ५५ ग्रॅम, म्हणजे लिटरला सहाच्या जवळपास. दीडशे मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून, निववून ती दुसऱ्या निर्जंतुक डब्यात आधी ओतायची आणि तिच्यावर सायफनने बिअर सोडायची, नळीचं टोक तळाशी, खळखळाट न होऊ देता. आता हवा शत्रू आहे. या टप्प्यावर मिसळलेला प्राणवायू महिन्याभराने ओल्या पुठ्ठ्याच्या चवीत दिसतो. सायफन तोंडाने ओढून सुरू करू नये, तोंडातले जंतू थेट बिअरमध्ये जातात. सगळी बिअर डब्यात सोडून झाल्यावर निर्जंतुक चमच्याने दोनदा हळुवार फिरवावं, नाहीतर साखरेचा पाक तळाशी राहतो आणि काही बाटल्या सपक, काही कारंज्यासारख्या निघतात. वर तीन सेंटिमीटर जागा सोडून झाकण दाबायचं.

एक बाटली मात्र प्लॅस्टिकची भरावी, फसफसणाऱ्या पेयाची रिकामी, स्वच्छ केलेली. तिच्यातली हवा दाबून काढायची आणि गोल झाकण फिरवायचं, म्हणजे ती चपटीच बंद होते. भरलेल्या दिवशी बोटाने दाबली तर मऊ लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा चपटेपणा जातो. आठवड्याने अंगठा जेमतेम आत जातो. दहाव्या-बाराव्या दिवशी ती दगडासारखी टणक होते, आणि काचेच्या बाटल्यांत काय चाललंय ते न उघडता कळतं. पाचव्याच दिवशी ती टणक झाली तर सगळ्या बाटल्या लगेच थंड कराव्यात. पंधरा दिवसांनंतरही मऊ असेल तर खोली गार आहे. वीस अंशांत आणून बाटल्या उलट्या-सुलट्या करून यीस्ट हलवावं आणि आठवडा थांबावं. दोन आठवडे बाटल्या झाकणाच्या खोक्यात, अंधारात. खोकं बाटली फुटलीच तर म्हणून, अंधार हॉप्ससाठी: हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की ती फुटून उग्र गंधकी वास सुटतो, आणि थेट उन्हात त्याला काही मिनिटंच लागतात.

एवढं करूनही चव हुकली, तर ती काय सांगते ते ऐकावं. केळं आणि झोंबरेपणा म्हणजे उष्णता. कच्चं सफरचंद म्हणजे घाई. आंबटपणा आणि पृष्ठभागावर पांढरी, सुरकुतलेली साय म्हणजे तोटी, नळी, ओरखडे. दर आठवड्याला वाढत जाणारा फेस आणि पातळ होत जाणारी चव म्हणजे बाटलीत शिरलेलं दुसरंच यीस्ट. अशी बिअर पिऊन माणूस आजारी पडतो, ही भीती मात्र फारशी खरी नाही. आंबलेल्या बिअरचं आम्लपण, अल्कोहोल आणि हॉप्स यांच्यापुढे रोगजंतू सहसा टिकत नाहीत. मिथेनॉलची धास्तीही इथे गैरलागू आहे. बिअर गाळून तिची दारू केली जात नाही, आणि धान्याच्या आंबण्यात मिथेनॉल नावापुरतंच असतं. वहीत तारीख, दोन्ही घनता, रोजचं तापमान आणि चव, एवढं लिहून ठेवलं की दुसऱ्या घाण्यात एकच गोष्ट बदलता येते आणि फरक कशामुळे पडला ते कळतं.

पहिली बाटली फ्रिजमध्ये दोन दिवस उभी ठेवावी. तासाभराच्या गारव्यात वायू बिअरमध्ये नीट मुरत नाही, झाकण उघडताच फेसाबरोबर निघून जातो. दोन दिवसांत यीस्टचा साकाही तळाशी घट्ट बसतो. पेला तिरका धरून एकाच संथ धारेत ओतायचं, मध्ये बाटली सरळ करायची नाही, कारण थांबलं की साका ढवळतो. शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्यायचं. आणि पेल्याला हात लावायच्या आधी ती बाटली गरम पाण्याने तीनदा खळबळून पालथी घालायची. आता दहा सेकंदांत निघणारा हा साका उद्यापर्यंत वाळला, तर ब्रश लागेल.